महासत्ता एका दुपारची

...नाही, थंडीबद्दल मी काही बोलत नाही, कॅनबेराची थंडी सोसेन, दोन स्वेटर चढवीन, पण तुम्हाला सांगतो, इथं येऊन पाच महिने झाले, घरमालकिणीचं मांजर सोडलं तर माझ्याशी कोणी धड बोललेलं नाही, आणि मांजरही कामापुरतंच! आमच्या फिजीत, गावात दारावरून कोणी गेलं की आतून हाक येते, "ये, जेवायला ये." इथं पहिल्याच दिवशी विद्यापीठाच्या हिरवळीवर डबा उघडला, समोरून वर्गातला अँगस चाललेला, म्हटलं, "ये रे, जेवायला ये." तर तो दचकून मागं सरला. "नको नको, माझं झालंय." सकाळी अकराला? बरं बाबा. आणि मी शिकतोय काय? आंतरराष्ट्रीय संबंध! एम.ए.ला!

आई फोनवर विचारते, "इलाइसा, मित्र झाले का रे?" काय सांगू तिला? म्हटलं, "झाले की, कितीतरी देशांचे आहेत." खोटं नाही हो, वर्गात बसतात सगळे. पण त्यांच्याशी संबंध? ते फक्त पुस्तकात!

मग आली लुटुपुटूची परिषद. प्रत्येकानं एकेक देश व्हायचं, दिवसभर वाटाघाटी करायच्या, त्याचे मार्क. लॉर्ना मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या, मला निघाली अमेरिका. आणि काय सांगू... मी टेबलावर पाटी ठेवतोय तोच रांग! सगळ्यांत पुढे अँगस, तोच, अकराला जेवलेला, खांद्यावर हात टाकून म्हणतो कसा, "काय इलाइसा, आईची तब्येत काय म्हणते?" आईची तब्येत! मी डबा पुढे केला, तर खाल्लं की त्यानं, कसाव्याचे उकडलेले कंद, मासा, सगळं चाटूनपुसून. मग हळूच, "तेवढा आयातकर माफ कर ना."

आता आमच्यात रीत अशी, की आपल्या माणसानं मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. चुलत्यानं अंगातला शर्ट मागितला तरी काढून द्यायचा. दिली करमाफी. मग दुसरी आली, तिला आरमाराचा तळ हवा होता, म्हटलं, "घे, पण बस की जरा." तिसऱ्यानं तर नकाराधिकारच नेला. दुपारपर्यंत माझ्याकडे काही उरलं नाही, पण टेबलाभोवती माणसं बसलेली, हसतायत, एकमेकांना ढोसतायत... फार बरं वाटलं हो.

मॅडम म्हणाल्या, "महासत्ता अशी वागते?" म्हटलं, "मॅडम, लोक येऊन बसले होते." त्यांनी चष्मा पुसला आणि नापास केलं. पाट्या उचलल्या गेल्या, अँगस शेजारून गेला तो कानात गाणी घालून. आणि शिकतोय काय? आंतरराष्ट्रीय संबंध!

पुढच्या परिषदेत पास झालो नाही तर शिष्यवृत्ती बंद, परतीचं विमान. मी रात्रंदिवस घोकलं. चिठ्ठी निघाली फिजीची. म्हटलं चला, हे तर घरचंच! पाटी मांडली, खुर्च्या पुसल्या, वाट बघितली. दिवसभर कोणी फिरकलं नाही. एकटाच बसलो, एकटाच जेवलो, खिडकीतून बाहेर बघितलं.

तुम्हाला सांगतो, वर्गात पहिला आलो. मॅडमचा शेरा काय? "अगदी हुबेहूब."