आत्याच्या लुगड्याची तार

छोटा अँटेना निवडणं किती तापाचं काम आहे, ते मला विचारा! माझा हौशी रेडिओ जेवणाच्या डब्याएवढा, ताकद पाच वॉटची. इथल्या सीपरी बाजारातून अँटेनाची हातभर दांडी आणून लावली, तर माझ्याशी रेडिओवर बोलणाऱ्या एरच गावच्या दुबेजींचा फोन, "भैया, कुछ सुनाई नहीं दे रहा. ये खिलौना बदल दो."

खिलौना? मला झोंबलंच ते. दहा मीटर लांब तार हवी होती आणि तेवढी तार गच्चीवर आधीच होती, आत्याची लुगडी वाळत घालायची. ती अजून नऊवारी नेसते आणि दुमडून वाळवलेलं लुगडं तिला चालत नाही. मी गुपचूप रेडिओ त्या तारेला जोडला. काय सांगू, दुबेजी शेजारी बसल्यासारखे बोलायला लागले! "वाह भैया" म्हणेपर्यंत आवाज गायब.

धावत वर गेलो. तारेवर ओलं लुगडं, टोकाला चिमटा लावणारी आत्या.

"आत्या, दुबेजी बोलत होते गं!"

"मग थांबायला सांग त्यांना. तार आधी माझ्या लुगड्याची."

आता दुबेजी रेडिओ लावण्याआधी फोन करतात, "भैया, बुआजी की साड़ी सूख गई?"