जाळीपलीकडचं नाव

—नाही, आत येऊ नका, तिथेच स्टुलावर बसा. गुडघे दुखतात? दुखू देत, माझेही दुखतात — अकरा वर्षं तुमच्या कोश-कार्यालयात उभ्यानं कपाटं उपसली मी, एकेका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधत, तेव्हा कुणी स्टूल नाही दिलं. आणि आज मुख्य संपादक स्वतः तीन जिने चढून, हातात फळांची पिशवी! मी काय आजारी पडलेय?

काय म्हणालात? झालं गेलं ते कॅन्सल? वा साहेब, शब्द तरी कुणापुढे वापरताय! त्याचं टिपण मीच लिहिलंय. लॅटिनमध्ये कॅन्सेली म्हणजे जाळी, गजांची. चुकलेल्या मजकुरावर लेखनिक आडव्यातिडव्या रेघा मारायचे — जाळीसारख्या — म्हणून कॅन्सल. पण जाळीतून पलीकडचं दिसतं हो! पहिल्या खंडाच्या पहिल्या पानाच्या प्रुफावर तुम्ही लाल शाईनं मारलीत ना जाळी, माझ्या नावावर? अख्खं वाचता येत होतं मला. आणि का मारलीत? तर बाई दोन महिने आल्या नाहीत. अर्ज धाडला होता मी! नवऱ्याची वाचा गेली होती, त्याला ‘पाणी’ म्हणायला शिकवत होते — प, प, प — दिवसच्या दिवस. आणि तुम्ही सांगत सुटलात, बाई काम टाकून पळाल्या. तो गेला तेव्हा तुमच्याकडचं चिटपाखरू फिरकलं नाही. तेव्हा फळं पिकत नव्हती वाटतं?

आज का आलात, ते मी सांगते. ‘एस’पासून पुढची टिपणांची कार्डं सापडत नाहीत, दुसरा खंड रखडलाय. अडला हरी म्हणतात तो हा — आणि गाढव कोण, तर मी! नाहीत माझ्याकडे. उंदरांनी खाल्ली असतील. नऊ वर्षांत मी त्या शब्दांकडे ढुंकूनही पाहिलं नाही — आता ‘व्हॅनिश’च घ्या, तुमच्या त्या शहाण्या सहायकानं काय लिहिलं असतं देव जाणे, परवा चार कोश ताडून पाहिले तेव्हा कुठे मूळ नीट लागलं, आता ‘डब्ल्यू’पासून पुढचे तेवढे राहिलेत, मग—

काही नाही. काही म्हणाले नाही मी. खाटेखाली काय बघताय? जुनी लुगडी आहेत त्या ट्रंकेत. बसा म्हटलं ना — नाही, बसूच नका. उठा. ती फळं उचला. आणि जिन्याचा कठडा मोडलाय — पडलात तर मला हाक मारू नका.