जीपच्या मापाची शेड

१९९९ साल. आखातातल्या सलमाबादच्या कार्गो ऑफिसात माझ्या खोक्याचं वजन व्हायचं होतं. पुढे काउंटरवर अस्करहून आलेले खिजरभाई, आणि पलीकडे क्लार्क आलोशियस.

"आलोशियस, ती जपानची नवी गाडी, पेट्रोलवर चालते नि बॅटरीवरपण, ती चिपळूणला नेता येईल काय?"

"इथे पेट्रोल पाण्याच्या भावात. बॅटरी कशाला हवी?"

"इथे नको रे, तिथे हवी. शोरूमला आली की लगेच घेऊ, की रमझानच्या ऑफरपर्यंत थांबू?"

"कधीही घ्या. पण नेण्याआधी वर्षभर तरी इथे स्वतःच्या नावावर चालवा. गाडी जितकी जुनी, तितकी तिकडे ड्युटी कमी."

"मग दोन वर्षं चालवतो. खलास!"

"मागच्या वर्षी तुम्ही जीपचं विचारत होतात."

"शेड जीपच्याच मापाची बांधलीय गावाला. ही आरामात मावेल."

"फक्त एक आहे, खिजरभाई. कायमचं परत जाणाऱ्यालाच गाडी नेता येते. इथला व्हिसा कॅन्सल करावा लागेल."

"तेवढं सोडून बाकी सगळं ठरलंय."