दहा नंबरचा नट

अवं भूमिका, ऐक ना, आत्ता घरी काय झालं ते ऐक आधी — नाही नाही, धागा सोडू नको, धर तो दातात, तू आयब्रो करत राहा अन् ऐकत राहा, तुले बोलायची गरजच नाही, मले बोलू दे फक्त, नाही तर माझं डोकं फुटून जाईन. हे पाह्य, ताणून धरली मी, वरून एक बोट, खालून एक बोट — बरोबर? हाव. तर आमची गाडी. तीच वं, पांढरी, बाबांची. परत बंद पडली. म्हणजे पडली म्हणजे — थांब, ते नंतर सांगते, नाही तर तुले काहीच समजणार नाही. सुरुवातीपासून ऐक.

पहिल्यांदा बॅटरी गेली मे महिन्यात. ठीक आहे, म्हटलं, चार वर्षांची बॅटरी, त्यात आपल्या नागपूरचं ऊन, आतलं पाणीच सुकून जात असेल, मरणारच ना बिचारी. नवीन टाकली. नऊ दिवस! मोज तू, नऊ — अन् दहाव्या दिवशी बाबांनी चाबी फिरवली तर टक टक टक टक, बस्स, काटे खाली, खेळ खलास. मी गेली दुकानात भांडायले. दुकानवाला म्हणे, ताई, बॅटरीत खोट नाही, तुमचा अल्टरनेटर पाहा, इंजिन चालू असताना बॅटरी तोच भरते, तोच मेला असेल. गेली इलेक्ट्रिशियनकडे. त्यानं मीटर लावला, म्हणे चौदा व्होल्ट, अल्टरनेटर एकदम टंच आहे, कुठंतरी करंट लीक होऊन राहिला. अन् काय केलं त्यानं? माझा टेप काढून ठेवला! म्हणे हाच पीत असेल करंट. आता गाडीत गाणे नाही, तिथं एक भोक आहे नुसतं, त्यात आमची छोटी पिंकी चॉकलेटचे कागद टाकते. अन् पाच दिवसांनी बॅटरी परत झोपली ती झोपलीच. मतलब माझा टेप फुकट शहीद!

अन् दिमाग कशानं खराब होते सांगू? माझे बाबा स्वतः इलेक्ट्रिशियन. तीस वर्ष सूतगिरणीत, सूत कातायच्या पूर्ण साच्यांच्या मोटारी त्यायच्या हाताखाली. अन् घरच्या गाडीची बॅटरी मरून राहिली तर हा माणूस चुपचाप गरम पाणी घेते, टर्मिनलवरची पांढरी भुकटी धुते, वर व्हॅसलीन लावते, अन् म्हणते — आता ठीक होईन. मी म्हटलं, बाबा, तुमाले खरंच समजून नाही राहिलं का? तर माझ्याकडे पाहते, अन् म्हणते, चहा ठेव.

आऊच! अवं हळू! — नाही हलली मी. बरं, हलली. बोलताना भुवई हलते माझी, काय करू.

दुसरं लफडं आवाजाचं. तू बसली होती ना त्या दिवशी, मानेवाड्यापर्यंत? आठवते? गाडी चाळीसच्या वर गेली की मागून सुरू — हूंऽऽ हूंऽऽ — जसं कोणी डिक्कीत बसून झोपेत कण्हून राहिलं. रिंगरोडले तर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. तूच म्हटलं होतं, प्रीती, हे विमान केव्हा उडते म्हणून. मी बाबांना म्हटलं आवाज येते. बाबा म्हणे, कुठं? मी म्हटलं अहो हा काय! ते म्हणे, रस्ता खराब आहे. सिमेंटचा गुळगुळीत रस्ता वं! मग मेकॅनिक म्हणे बेअरिंग. मागचं एक बेअरिंग बदललं. हूंऽऽ. दुसऱ्या बाजूचं बदललं. हूंऽऽ! शेवटी परवा मी त्या टायरवाल्या केशवभाऊकडे नेली गाडी — मी नाही चालवली, माझं लर्निंगच आहे अजून, बाबांनीच चालवली, ते समोर रसवंतीवर बसले होते. केशवभाऊनं काहीच खोललं नाही. नुसता मागच्या टायरवर हात फिरवला, मग माझा हात धरून म्हणे, फिरवा तुम्ही पण. एकीकडून फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर करवतीसारखे दात! म्हणे, ताई, तुमच्या गाडीची ताकद पुढच्या चाकाले. ओढते पुढचं, वळते पुढचं, ब्रेकचा जोर पण पुढच्यावरच. मागचे बिचारे नुसते फरफटत येतात, म्हणून ते असे वेडेवाकडे घासतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरले पुढचे मागं, मागचे पुढं करायचे असतात. तुमचे केव्हा केले होते? मी काय सांगू — कधीच नाही! अन् मग त्यानं सहज विचारलं हं, हसत हसत — ताई, हा आवाज तर मले तुम्ही चौकात होत्या तेव्हाच आला. गाडी चालवते कोण?

मी म्हटलं, बाबा.

तो म्हणे, मग त्यायले ऐकू नाही येत का?

मी पण हसली. खरंच हसली वं मी.

आता दुसरी भुवई ना? थांब, बोटं बदलते. — तर आज शनिवार, माझा हाफ डे. हॉस्पिटलातलं काउंटर बंद केलं, रामदासपेठेतून बस पकडली, घरी आली दोन वाजता. बाबा फाटकात, गाडीत बसलेले. आता बाबांचं एक आहे, ते रोज गाडीचं चेकिंग करतात. गाडी काढायची असो नसो. गिरणीत पाळी सुरू होताना करायचे ना, तसंच — लाईट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न. हॉर्न तर एवढा लांब दाबतात की समोरच्या देवकी काकू दोनदा भांडून गेल्या, अन् बाबा म्हणतात कसे, वाजला का? मले वाटलं हॉर्नचा रिले गेला! तर आज इंजिन चालू होतं. मले फाटकाच्या बाहेरून ऐकू येऊन राहिलं होतं की चालू आहे. अन् बाबांनी परत चाबी फिरवली. चालू इंजिनवर! खर्रर्रऽऽ — असा आवाज आला ना, जसं मिक्सरमध्ये चमचा गेला. माझ्या दातातून कळ गेली. बाबांचं तोंड? काहीच नाही. शांत. बोनेटवर हात ठेवल्यासारखा डॅशबोर्डवर पंजा ठेवला त्यांनी — थरथर लागते का ते पाहायले. हातानं पाहून राहिले वं ते, गाडी चालू आहे का बंद!

मग इंजिन बंद केलं. खाली उतरले. हेडलाईट चालूच. भर उन्हात कोणाले दिसते लाईट? संध्याकाळपर्यंत बॅटरी पिऊन टाकतात ते. पण गाडी ओरडून सांगून राहिली ना — दरवाजा उघडला की टींटींटींटीं, लाईट बंद करा म्हणून. बाबांनी दरवाजा लावला. आरामात. कपड्यानं आरसा पुसला. अन् मी मागून — बाबा, लाईट! बाबा, लाईट! बाबा! — तिसऱ्या वेळेस तर काकू बाहेर आल्या, पण बाबा नाही वळले. मी पळत समोर गेली, तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् लगेच म्हणे — हाव, लाईट राहिला का? काहून एवढी ओरडून राहिली?

समजलं तुले? मी ओरडून राहिली हे त्यांना माझ्या तोंडावरून समजलं.

थांब ना, नको ओढू धागा दोन मिनिटं. पाणी येऊन राहिलं डोळ्यातून — धाग्यानंच येऊन राहिलं, बाकी काही नाही.

तुले माहीत नसेल, गिरणीत साच्यांचा एवढा गोंगाट असते की माणसं आवाजानं बोलतच नाही. ओठ पाहून बोलतात. लहानपणी आम्हाले तो खेळ वाटे — आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसते ओठ हलवे, अन् बाबा रस्त्यावरून सायकल वळवून बरोबर मेथीची जुडी घेऊन येत. दादा अन् मी टाळ्या वाजवायचो. म्हणजे घरात कोणाले कसं समजणार सांग? समोर बसून बोललं की सगळं बरोबर उत्तर! टीव्हीच्या बातम्या म्यूट करून पाहतात, म्हणतात शांत वाटते. आम्ही म्हटलं, केवढे समजदार. अन् गाडीत एक शब्द बोलत नाहीत. मी सगळ्यांना अभिमानानं सांगे, माझे बाबा गाडी चालवताना कोणाशी बोलत नाहीत, फुल डिसिप्लिन! अवं, बोलणार कसे? समोर रस्ता आहे, माझं तोंड बाजूले आहे!

अन् मी रोज काय करते? हॉस्पिटलात काचेमागं बसून म्हाताऱ्या माणसांना ओरडून ओरडून सांगते, काका, पॉलिसीचा नंबर! काका, नंबर! दिवसातून शंभर वेळा. मले एका मिनिटात समजते कोणाले कमी ऐकू येते ते. अन् घरी? घरी मी बॅटरी बदलून राहिली. बेअरिंग बदलून राहिली.

मागच्या रविवारचं तर तुले सांगितलंच नव्हतं मी. कोणालेच नाही सांगितलं. सिग्नल सुटला, मागं अँब्युलन्स. सायरन वाजून राहिला, मी म्हणून राहिली बाबा बाजूले घ्या, बाबा बाजूले घ्या — ते सरळ समोर पाहून आपले तीसच्या स्पीडनं. लोक शिव्या देऊन राहिले. शेवटी आरशात दिवा दिसला असेल, तेव्हा घेतली बाजूले. अन् मी काय बोलली माहीत आहे? मी म्हटलं, त्या आतल्या माणसाच्या जागी तुम्ही असते ना, मग समजलं असतं तुमाले. असं बोलली मी. बाबाले. त्यांनी काहीच म्हटलं नाही, मले वाटलं घमेंड आहे. आता मले हेच समजून नाही राहिलं की त्यायले ते ऐकू आलं नव्हतं, का आलं होतं.

बरं, आता खरी गोष्ट. उद्या सावनेरले अंजना आत्याच्या नातवाचं नामकरण. बाबा, आई अन् पिंकी — माझ्या दादाची पोट्टी, सहा वर्षांची — गाडीनं जाणार. पिंकी पुढं बसणार, सकाळपासून नाचून राहिली. सावनेर रोड माहीत आहे ना तुले? कोळशाचे ट्रक कसे येतात मागून? हॉर्न दिला की बाजूले व्हायचंच, नाही तर घासून जातात. मी तिथंच फाटकात उभी, माझ्या डोळ्यासमोर तो रोड. आता तू म्हणशील, सांगून द्यायचं. काय सांगू? की बाबा, तुम्ही बहिरे झाले, चाबी द्या? गिरणी बंद झाली, सायकल गेली, गुडघ्यामुळं विहारात खाली बसणं गेलं — एक ही गाडीच उरली वं त्यांची. गल्लीत कोणालेही दवाखान्यात न्यायचं असलं की लोक बाबांनाच म्हणतात, प्रेमानंदभाऊ गाडी काढा, अन् यांची छाती एवढी!

तर मी — हसू नको. मी म्हटलं, बाबा, जरा बोनेट खोला, मी पाणी पाहते बॅटरीचं. ते आत गेले टॉर्च आणायले. मी त्यांच्याच अवजाराच्या डब्यातला पाना घेतला, निगेटिव्हच्या टर्मिनलचा नट खोलला, अन् पर्समध्ये टाकला. वायर टेकणार नाही अशी वर ठेवून दिली, दिसायले जोडलेली. बाबा आले, चाबी फिरवली, काहीच नाही. टक पण नाही. मी तोंड पाडून म्हटलं, बाबा, गेली परत बॅटरी. हद झाली आता! उद्या बसनं जा.

अन् बाबा माझ्याकडे पाहून राहिले. माझ्या ओठाकडे नाही, भूमिका. डोळ्याकडे.

तीस वर्षांचा इलेक्ट्रिशियन माणूस. एरवी निदान गरम पाणी घेऊन टर्मिनल धुणारा. पण वाकून पाहिलं पण नाही त्यांनी. बोनेट लावलं. पाना मी मडगार्डवरच विसरली होती, तो उचलला, पुसला. अन् मले म्हणे — नट सांभाळून ठेव. दहा नंबरचा आहे, हरवला तर लवकर भेटत नाही.

एवढंच. आत गेले, चपला काढल्या, पिंकीले म्हणे, उद्या आपण लाल बसनं जाऊ, खिडकी तुझी. ती भोकाड पसरून रडली. अन् मी तुझ्याकडे पळून आली. आयब्रोचा बहाणा करून.

हा पाह्य नट. केवढुसा आहे. अन् त्यांच्या डब्यात असे पन्नास आहेत वं! पन्नास! त्यांना लावायचा असता तर एका मिनिटात लावला असता दुसरा. नाही लावला. म्हणजे त्यांना माहीत होतं ना सगळं? बॅटरी काहून मरते, आवाज कोणाले येत नाही — सगळं माहीत होतं, अन् मले दुकानात दुकानात भांडू दिलं, टेप काढू दिला, पण तोंडातून शब्द नाही! मग राग कोणावर काढू मी? त्यांच्यावर? अन् मी तरी कुठं बोलली? मी पण तर चोरीच केली, त्यांच्याच पान्यानं.

आता घरी जाऊन हा परत देऊ का? दिला तर उद्या गाडी निघते का, पिंकी पुढं बसते का? नाही दिला तर जन्मभर बापाचा नट पर्समध्ये घेऊन फिरू? अवं हूं हूं काय करून राहिली, धागा काढ ना तोंडातून! राहू दे ती अर्धी भुवई. समोर ये, इकडे पाहून बोल — तू काय केलं असतं?