लिफ्टमध्ये अडकवलेल्या मानवाल्यांबाबत

जबाब देणाराचे नाव नोंदीत वर घेतले आहे. वय सत्तेचाळीस, धंदा लिफ्ट बसवणे व दुरुस्त करणे, राहणार बाजाराच्या मागच्या गल्लीत, तळमजला. लिफ्टवाला असून तळमजल्यावर कसा, असे हवालदारांनी विचारले. त्याचे कारण पुढे येत आहे.

मी समक्ष हजर राहून, डोके ठिकाणावर असताना सांगतो की, आज दुपारी मी फोनवर दिलेली तक्रार चुकीची आहे. ‘माझ्या बायकोची मान मोडली, माणूस पळत होता, मी त्याला धरून ठेवलाय,’ असे मी म्हणालो होतो. यातले फक्त धरून ठेवल्याचे खरे आहे. ते गृहस्थ सध्या बाहेरच्या बाकावर बसले आहेत. त्यांना घरी जाऊ द्यावे, यासाठी हा जबाब देत आहे.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी तापातून उठली आणि त्यानंतर तिला उभे राहणे जड जाऊ लागले. उभी राहिली की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी जागच्या जागी कोसळते. डॉक्टरांनी सांगितले की हा स्वायत्त मज्जासंस्थेचा विकार आहे, म्हणजे नाडी, रक्तदाब, घाम ही जी कामे शरीर आपली आपण करते त्यातला बिघाड. मी ते माझ्या भाषेत समजून घेतले आहे. माणूस उभा राहिला की रक्त वर चढवायचा हुकूम आपोआप सुटतो. हिचा कंट्रोलर तो हुकूम नीट देत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या, भरपूर पाणी, मीठ आणि पायांत घट्ट मोजे चालू आहेत. जिना चढवत नाही म्हणून आम्ही तळमजल्यावर आलो. ती वर्गात बसूनच शिकवते, आणि मुले म्हणतात की बसलेल्या बाईंना जास्त दिसते.

चक्कर येईल या धास्तीने ती मान ताठ धरून बसते. त्यामुळे मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते, डोके सतत दुखायचे. डॉक्टरांनाच विचारून ती ज्यांच्याकडे जाते त्यांच्या पाटीवर कायरोप्रॅक्टर असे आहे. हाताने मणके आणि सांधे मोकळे करण्याचा त्यांचा व्यवसाय. आमच्या घरात त्यांना मानवाले म्हणतात. डॉक्टरांनी बजावले होते की मानेला झटका द्यायचा नाही. मानवाले म्हणाले, ‘मी देणारच नव्हतो.’ पहिल्याच दिवशी त्यांनी हेही सांगितले, ‘ताई, हा आजार माझ्या हातानं जाणार नाही. तो डॉक्टरांचा. मान जरा सैल राहिली, तर तुम्हाला दिवस ढकलणं सोपं जाईल, एवढंच.’ बायकोने घरी येऊन सांगितले तेव्हा हे मला आवडले. माझ्या धंद्यातही केबल बदलतो म्हणून सांगून नुसते तेल घालणारे पुष्कळ आहेत.

फरक काय पडला असे फौजदार मॅडमनी विचारले. आजार आहे तिथेच आहे. पण गेल्या महिन्यात रस्त्यावर मी मागून हाक मारली, तर तिने नुसती मान वळवून पाहिले. आधी ती बाहुलीसारखी अख्खी वळायची. माझ्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. हवालदार म्हणाले की हे लिहायची गरज नाही. मी म्हटले लिहा.

मानवाल्यांचा दवाखाना चौथ्या मजल्यावर, शेवटच्या. त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्तीला माझ्याचकडे आहे आणि तिचे पॅनेल, म्हणजे ती चालू-बंद करायची पेटी, दवाखान्याच्या दाराला लागून आहे. एरवी बायकोबरोबर तिची बहीण जाते. आज बहीण गावाला गेल्याने मी पहिल्यांदाच तिच्याबरोबर गेलो. मला बाहेर बसवले. थोड्या वेळाने आतून धाडकन आवाज आला. तसा आवाज आमच्या धंद्यात झाला की पुढे पोलीसच येतात. नंतर कळले की त्यांच्या टेबलाचा कमरेखालचा भाग मुद्दाम इंचभर खाली पडतो, आवाज त्याचा असतो आणि पाठीला तेवढाच हलका धक्का बसतो. बायकोला हे माहीत होते. मला सांगायचे राहून गेले, असे ती आता म्हणते.

मी दारावर थाप मारून ओरडलो, ‘काय झालं? काय झालं गं?’ ती पालथी होती. एरवी तिला तिथे कुशीवर, मग बसते, मग उभे, असे टप्प्याटप्प्याने उठवतात. पण माझा आवाज ऐकून, मी दार तोडीन या भीतीने, ती एकदम उठली. मला काही झाले नाही, हे सांगायला उठली आणि कोसळली. मी आत शिरलो तेव्हा ती टेबलावर लुळी पडली होती आणि मानवाल्यांचे दोन्ही हात तिच्या डोक्याभोवती होते. टेबलाच्या कडेवर डोके आपटू नये म्हणून त्यांनी ते झेलले होते. मला मात्र आवाज, मान आणि हात एवढेच दिसले.

त्यांनी तिला सरळ निजवले, पायांखाली लोड दिला, ‘आलोच, खालच्या डॉक्टरांना आणतो,’ म्हणाले आणि धावत लिफ्टमध्ये शिरले. यातले ‘आलोच’ मी ऐकले. पुढचे ऐकले नाही.

आमच्या घरात एक पद्धत आहे. शुद्ध येताना तिला आधी ऐकू येते, बोलता उशिरा येते. म्हणून ती टाच दोनदा जमिनीवर आपटते. म्हणजे मी आहे, गोंधळ घालू नका. मी तिच्या पायाशी उभा राहून त्या आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. ती गेली असे मी धरून चाललो. रिसेप्शनवरच्या मुलीला तिच्याजवळ बसवले, बाहेर येऊन पॅनेल उघडले आणि सावकाश उतरणारी ती जुनी लिफ्ट दुसऱ्या व तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद केली. मग फोन केला. माणूस अडकवण्यासाठी लिफ्ट थांबवणे हा माझ्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा आहे, हे मला त्या वेळीही माहीत होते.

लिफ्टमधून मानवाले ओरडू लागले. मी आजवर पुष्कळ अडकलेली माणसे काढली आहेत. कोणी रडते, कोणी शिव्या देते, पण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, मला कधी काढणार. हे ओरडत होते, ‘त्या हलल्या का? पाय वरच आहेत ना? उठवू नका हो त्यांना! खालच्या डॉक्टरांना कुणीतरी हाक मारा!’ स्वतःबद्दल एक अक्षर नाही. पळून जाणारा माणूस असे विचारत नाही.

तेवढ्यात आतून मुलगी म्हणाली, ‘काका, ह्या पायानं काहीतरी करताहेत. सारखं करताहेत.’ मी आत गेलो. बायको लोडावर टाच दोनदा आपटत होती, थांबत होती, पुन्हा दोनदा. मऊ लोडावर आवाज येणार कुठून? मी जमिनीवर बसलो. माझा जीव भांड्यात पडला, पण भांडे सापडायला जरा वेळ लागला. तिचा पहिला शब्द होता, ‘मूर्ख.’ दुसरा, ‘लिफ्ट.’

मी लिफ्ट वर घेतली. मानवाले बाहेर आले, माझ्याकडे न बघता आत गेले आणि तिला कुशीवर वळवले. खालच्या डॉक्टर बाईंनी येऊन नाडी, रक्तदाब पाहिला, मान तपासली. सगळे तिच्या नेहमीप्रमाणे आहे म्हणाल्या. त्यानंतर पोलीस आले आणि, फोनवरची तक्रार ठाण्यातच मागे घ्यावी लागेल असे सांगून, मानवाल्यांना घेऊन आले. जिन्यात दोन शेजारी बघत होते. ते पाहून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ठाण्यात मॅडमनी मानवाल्यांना विचारले की तुम्हाला यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का. ते म्हणाले, ‘नाही. बायको गेली असं वाटलं की माणूस काय करील, त्याचा नेम नाही.’ बायको ठाण्यातल्या बाकावर आडवी आहे, पाय भिंतीला लावून. तिने तिथूनच विचारले, ‘पुढच्या गुरुवारी येऊ ना?’ त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले. माझ्यामुळे तिची मान पुन्हा लाकूड होणार, असे मला वाटले. मग ते म्हणाले, ‘या. लिफ्ट चालू असली तर.’ मी म्हणालो, ‘चालू असेल. मी बाहेर बसतो. खाली. रस्त्यावर.’ बायको म्हणाली, ‘घरी.’

माझी फोनवरची तक्रार मी मागे घेतो. मानवाल्यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मी लिफ्ट थांबवली त्याबद्दल जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

आणखी काही लिहायचे आहे का, असे हवालदारांनी विचारले. मी म्हटले, माझी बायको जिवंत आहे असे लिहा. ते म्हणाले, त्याची आवश्यकता नाही, त्या समोरच आहेत. मी म्हटले, तरी लिहा. माझी बायको जिवंत आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. बायकोनेही आडवे राहूनच ऐकला आणि काही बदलायला सांगितले नाही. तो मी सांगितला तसाच उतरला आहे व खरा आहे, शेवटचे वाक्य धरून.