पेडगावातलं माझं भाषण

हसू नका, पण हैदराबादला कॉलेज करून आले तेव्हा माझ्यासारखं भाषण साऱ्या परभणीत कुणाला जमत नाही, अशी माझी खात्री होती. पेडगावात मुलींचा वर्ग काढायचा होता. तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या, साहेबांची अट होती की आधी पाच मुली दाखवा. काका म्हणाले, "एकबी मिळायची न्हाई. तुझं ऐकायलंय कोण?"

झालं, मी पेटलेच! महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर उभी राहून तासभर बोलले. अज्ञान, अन्याय, स्त्रियांची प्रगती, काही म्हणून सोडलं नाही. बाया डोळे विस्फारून बघत होत्या. मला वाटलं, जिंकलं!

शेवटी एक म्हातारी उठली. "बाई, तू काय बोललीस ते कायबी कळलं न्हाई. पन एवढा आवाज शाळंत जाऊनच आला का?"

मी म्हटलं, "हो, आजी."

"मग माझ्या दोन्ही नाती घे लिहून. औंदा जवारीवरची पाखरं हाकायला गोफण लागायची न्हाई."

तिच्यामागून आणखी सहा बायांनी आपापल्या मुलींची नावं दिली. घरी येऊन काकांना मी आठ मुली मिळाल्या एवढंच सांगितलं.