येते म्हणावं

परदेशातल्या त्या विमानतळावर तपासणीची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. रांगेत उभ्या असलेल्या शिंपीणकाकूंना दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची हौस नव्हती, पण कानांना कुठे झाकण असतं? पुढे एक मुलगी होती आणि तिला न्यायला आलेली तिची वहिनी.

"वर्षभर फोनवर रडत होतीस, मला घरी न्या म्हणून. आता डोळे कसले पुसतेस?"

"सुटले असंही वाटतंय वहिनी, आणि पायही निघत नाहीये."

"त्या एवढ्याशा खोलीत कसला गं जीव अडकला?"

"रोज कामावर निघताना त्या खोलीलाच सांगायचे, 'येते हं.' कुणाला तरी सांगायला हवं ना?"

"बरं, मग?"

"आज कायमची निघाले, म्हणून म्हटलं, 'जाते.' तर रिकाम्या खोलीतून एका बाईचा आवाज आला, 'जाते म्हणू नये गं. येते म्हणावं.'"

"काहीतरीच! इथे आपली भाषा कुणाला येते?"

"कुणालाच नाही. त्या खोलीत वर्षभर मी एकटीच बोलत होते."

"मग तू काय म्हणालीस?"

"सवयीनं तोंडून गेलं. 'येते' म्हणाले."

"वेडी का खुळी तू! किल्ली दिलीस ना पण?"

"मालकिणीच्या हातात. तुझ्यासमोरच की."

"हो, दिलीस खरी."

तेवढ्यात यंत्र वाजलं. तपासनिसानं खिसे रिकामे करायला सांगितले. मुलीनं कोटाच्या खिशात हात घातला आणि ती तशीच थबकली. मग तिनं मूठ उघडली. तळहातावर त्याच खोलीची किल्ली होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "ही अजून गरम आहे. कुणीतरी आत्ताच हातात दिल्यासारखी."